चार पावलांवरून दिसणारे चित्र

न्यूयॉर्कमधल्या डीसी कॉमिक्सच्या कचेरीत, १९५० आणि ६० च्या दशकांत, संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्याकडे गोष्ट पुष्कळदा उलट्या टोकाकडून सुरू होई. आधी मुखपृष्ठ ठरे. चित्रकार कार्माइन इन्फँटिनो एखादा अशक्य वाटावा असा प्रसंग रेखाटून आणत. तो पसंत पडला की लेखकाला बोलावून चित्र त्याच्यापुढे ठेवले जाई. हा प्रसंग कसा ओढवला आणि नायक त्यातून कसा सुटला, हे शोधून काढणे लेखकाकडे. गार्डनर फॉक्स, जॉन ब्रूम यांच्यासारख्या कसलेल्या लेखकांनी कित्येक कथा अशा, मुखपृष्ठाचा माग काढत लिहिल्या. इन्फँटिनो तर मुद्दाम अवघड कोडी घालत. ऑगस्ट १९६६ च्या ‘द फ्लॅश’च्या १६३ व्या अंकावर फ्लॅश आपल्याकडे तळहात रोखून उभा आहे. हा अंक सोडून पुढे जाऊ नकोस, माझा जीव त्यावर अवलंबून आहे, असे तो विनवतो आहे. जगाला वाचवणारा नायक स्टॉलसमोर उभ्या असलेल्या पोराकडे जीवदान मागतो! याला जोडून कथा लिहायची म्हणजे लेखकाची कसोटीच. पण कथा जुळली आणि अंक निघाला. ते मुखपृष्ठ आज साठ वर्षांनंतरही जाणाऱ्याचा पाय अडवते.

कथेच्या आधी मुखपृष्ठ ही पद्धत कोणाला धंदेवाईक वाटेल. मला ती कॉमिकच्या मुखपृष्ठाचे मर्म उघड करणारी वाटते. कादंबरीचे मुखपृष्ठ पुस्तकाचा स्वभाव सुचवून थांबले तरी चालते. कॉमिकच्या मुखपृष्ठाला काहीतरी घडताना दाखवावे लागते, आणि त्या घडण्यातला नेमका एक धागा हातचा राखावा लागतो. कोण, कुठे, किती मोठे संकट, हे एका नजरेत कळले पाहिजे. पुढे काय, किंवा असे का, हे कळता कामा नये. ही दोन्ही कामे साधली की मुखपृष्ठ जमले. पुढच्या पानांत निवडलेली मुखपृष्ठे मी याच कसोटीवर पाहिली आहेत. रेषा किती सफाईदार, शरीररचना किती अचूक, हे प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवले आहेत, आणि असे का केले ते सांगणे हेच या प्रस्तावनेचे काम आहे.

आधी चित्र जिथे टांगले जाई ती जागा पाहू, कारण अमेरिकी कॉमिकच्या मुखपृष्ठाचे निम्मे नियम तिथेच ठरले. १९३० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची कित्येक वर्षे कॉमिक्स विकली जात ती वृत्तपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानांत, वाण्याकडे. तारेचा गोल फिरणारा रॅक, त्यात एकावर एक सरकवलेले डझनावारी अंक, आणि समोर दहा सेंटचे एकच नाणे घेऊन आलेले पोर. रॅकमध्ये अंकाचा फक्त वरचा भाग दिसे. म्हणून शीर्षक सगळ्यात वर, ठळक आणि ओळखीच्या वळणाचे. १९६३ पासून मार्व्हल कंपनीने डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट सुरू केली, तिच्यात नायकाचा चेहरा किंवा आकृती आणि अंकाची किंमत. बाकीचे चित्र शेजारच्या अंकाखाली झाकले गेले तरी तेवढ्या कोपऱ्यावरून स्पायडरमॅन ओळखू यावा, ही योजना. ती इतकी सोयीची ठरली की पुढे कित्येक वर्षे टिकली.

याच व्यवस्थेची दुसरी, अधिक निष्ठुर बाजू म्हणजे परतीचा माल. न खपलेला अंक पूर्ण परत पाठवण्याचा खर्च परवडत नसे. दुकानदार मुखपृष्ठाची वरची, शीर्षकाची पट्टी फाडून तेवढीच परत पाठवी आणि पैसे वळते करून घेई. मुखपृष्ठ हरले तर त्याची शिक्षा अशी त्याच्याच अंगावर होई. जुन्या बाजारात आजही वरची पट्टी नसलेले अंक सापडतात.

छपाईनेही काही बंधने घातली. आतली पाने वृत्तपत्री कागदावर, रंग शोषून मळकट होणारी. मुखपृष्ठ तेवढे गुळगुळीत कागदावर. म्हणजे पूर्ण ताकदीचे लाल, पिवळे, निळे वापरण्याची मुभा फक्त या एका पानावर. आणि तुकडाही लहानसाच. छापखान्याचा लहरीपणा किती चाले याचे उदाहरण म्हणजे हल्क. मे १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा होता. करडा रंग पानोपानी बदलत गेला, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केले. चांगला मुखपृष्ठकार ही बंधने गृहीत धरूनच चित्र मांडे. तो बारकावे कमी करी आणि आकार मोठे ठेवी. पार्श्वभूमीला एकच सपाट रंग देई.

आता जून १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक समोर घ्या. जो शुस्टर या तरुण चित्रकाराचे हे चित्र कलाशाळेतल्या परीक्षकाने कदाचित नापास केले असते. मोटारीचे वजन पटत नाही, पळणाऱ्या माणसांची अंगे ताठर आहेत. तरी ही मोटार हिरवी आहे, उचलणाऱ्याच्या पाठीवरची केप लाल आहे आणि मागे सगळा पिवळा उजेड आहे. चार पावलांवरूनही कळते की एका माणसाने मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटली आहे. डावीकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक माणूस डोके धरून आपल्याच दिशेने पळत सुटला आहे. हा माणूस मला या चित्राचा प्राण वाटतो. त्याच्या चेहऱ्यावरची दहशत नसती तर मोटार उचलणे ही नुसती सर्कस झाली असती. तो पळतो आहे म्हणून आपण विचारतो: हा उचलणारा रक्षक आहे की राक्षस? मुखपृष्ठ याचे उत्तर देत नाही. प्रकाशक हॅरी डोनेनफेल्ड यांना हे चित्र हास्यास्पद वाटले होते, असे सांगतात. पुढच्या काही अंकांवर सुपरमॅन आलाच नाही. तो पुन्हा दिसला सातव्या अंकावर. मधल्या काळात पोरे स्टॉलवर त्याच्या नावाने अंक मागू लागली होती.

शुस्टरच्या रेषेत कच्चेपणा आहे हे मान्य करूनच मी म्हणतो की ते मुखपृष्ठ यशस्वी आहे. उलट, उत्कृष्ट चित्रकारांची, भिंतीवर लावावीत अशी कित्येक चित्रे मुखपृष्ठ म्हणून पडलेली मी पाहिली आहेत. त्यांत घटनाच नसते. नायक उभा असतो, छाती पुढे, मुठी आवळलेल्या, मागे धूर. स्नायूंचा एकेक पेड रंगवलेला. पण तो कोणाशी लढतो आहे, कशासाठी, आणि हाच अंक का घ्यावा, याचा पत्ता नाही. तेच चित्र दहाव्या अंकावर लावा किंवा चाळिसाव्यावर, काही फरक पडत नाही. जे मुखपृष्ठ कुठल्याही अंकाला चालते ते कुठल्याच अंकाचे नसते.

घटना दाखवायची, तर घटनेतला कुठला क्षण? इथे चित्रकाराची खरी निवड असते. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी ठोसा लागण्याचाच क्षण घेतला. जबड्यावर ठोसा खाऊन हिटलर मागे कोसळतो आहे. अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो स्टॉलवर आला डिसेंबर १९४० मध्ये; पर्ल हार्बरवरचा हल्ला अजून वर्षभर पुढे होता आणि अमेरिका युद्धात उतरली नव्हती. सायमन आणि कर्बी दोघेही ज्यू. देश ठरवायच्या आधी त्यांनी आपली बाजू एका ठोशाने ठरवून टाकली. अंकाच्या लाखो प्रती खपल्या, आणि चित्रकारांना धमक्याही आल्या. या मुखपृष्ठावर लपवलेले फारसे काही नाही, तरी ते यशस्वी आहे, कारण त्या वेळी प्रश्न चित्राच्या बाहेर, रस्त्यावर उभा होता: आपण कधी उतरणार? असे मुखपृष्ठ क्वचितच साधते. त्याच्या नकला निघाल्या तेव्हा त्यांत नुसते ठोसे उरले.

पुष्कळदा ठोशाच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण जास्त बोलतो. जानेवारी १९८१ चा ‘एक्स-मेन’चा १४१ वा अंक घ्या. जॉन बर्न यांचे चित्र, टेरी ऑस्टिन यांची शाई. एका भिंतीवर प्रकाशझोत पडला आहे आणि त्यात दोन माणसे सापडली आहेत: केस पिकलेला वुल्व्हरिन, आणि त्याच्या आडोशाला एक प्रौढ स्त्री. मागे भिंतीवर वाँटेड पोस्टर. त्यावर आपल्या ओळखीच्या नायकांचे चेहरे ओळीने, आणि बऱ्याच चेहऱ्यांवर आडव्या पट्ट्या: हा मारला गेला, हा पकडला गेला. झोत टाकणारा कोण ते दिसत नाही. एकही ठोसा नाही, एकही स्फोट नाही. पण सगळा सर्वनाश आधीच होऊन गेला आहे आणि आपल्याला कळवलेच नाही, अशी चुटपुट लागते. शब्द किती कामाचे आहेत पहा. चित्रावर वरून चिकटवलेली ओरड इथे नाही. ते शब्द भिंतीवरचेच, त्या जगातलेच आहेत. वाचक एकेक चेहरा वाचत जातो आणि तेवढा वेळ अंक त्याच्या हातात राहतो. रॅकसमोरच्या पोराच्या हातात अंक तेवढा वेळ राहणे म्हणजे अर्धी विक्री.

त्याहून शांत उदाहरण युरोपातले. एर्जे यांचे ‘टिनटिन इन तिबेट’ १९६० मध्ये पुस्तकरूपाने आले. मुखपृष्ठाचा बराचसा भाग नुसता पांढरा, बर्फाचा. टिनटिन, कॅप्टन हॅडॉक, शेर्पा आणि तो छोटा कुत्रा बर्फातल्या पावलांच्या ठशांपाशी उभे आहेत. ठसे माणसाचे नाहीत, एवढे आपल्याला कळते, आणि ठसे उमटवणारा चित्रात नाही. तरी हे मुखपृष्ठ धडाकेबाज अमेरिकी मुखपृष्ठांइतकेच ओढून घेते. अर्थात ते पुस्तकांच्या दुकानासाठी होते. तारेच्या रॅकमध्ये दहा अंकांखाली दबून ते टिकले असते का, याची मला शंका आहे. मुखपृष्ठाचे यश त्याच्या जागेपासून वेगळे काढून मोजता येत नाही.

एकाच अंकासाठी दोन चित्रकारांनी मुखपृष्ठ करावे आणि त्यातले एकच छापले जावे, असा प्रसंग अभ्यासाला फार मोलाचा असतो. ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात स्पायडरमॅन पहिल्यांदा आला. आतली कथा स्टीव्ह डिटको यांनी चितारलेली. मुखपृष्ठही त्यांनी केले होते, पण संपादक स्टॅन ली यांनी ते बाजूला ठेवून जॅक कर्बी यांच्याकडून नवे करून घेतले, आणि त्यावर शाई पुन्हा डिटको यांनीच फिरवली. छापलेल्या चित्रात स्पायडरमॅन काखोटीला एक माणूस मारून जाळ्याच्या दोरीवर झोका घेतो आहे. खाली शहर, दूरवर गच्चीवरचे लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. झोका तिरका, म्हणून सगळे पान हलते आहे असे वाटते. आणि त्याच्या तोंडी जे शब्द घातले आहेत त्यांतून कळते की जग ज्या भित्र्या शाळकरी मुलाची टर उडवते तोच हा. कर्बी यांची आकृती भरदार आणि निर्भय. आतली डिटको यांची आकृती किडकिडीत, अवघडलेली, कोळ्यासारखी. मला डिटको यांचा स्पायडरमॅन अधिक खरा वाटतो. पण पहिल्या ओळखीला कर्बी यांचा आत्मविश्वास हवा होता, हा संपादकाचा निर्णय मला बरोबर वाटतो.

संवादाच्या फुग्यांविषयी थोडे. आजच्या अमेरिकी मुखपृष्ठांवर ते जवळजवळ नाहीसे झाले आहेत. चित्र कसे मोकळे, देखणे ठेवायचे. जुन्या डीसी अंकांवर मात्र आयरा श्नॅप यांच्यासारखे अक्षरकार होते. सुपरमॅनच्या शीर्षकाला त्यांनी १९४० मध्ये जे घाटदार वळण दिले त्याचे ऋण आजही दिसते. मुखपृष्ठावरच्या फुग्यातली त्यांची अक्षरे आवाज मोजून काढल्यासारखी आहेत: कुठे दबकी, कुठे किंकाळी. चांगला फुगा चित्राला दुसरा अर्थ देतो. वाईट फुगा, दिसतेच आहे ते पुन्हा सांगतो. फुगे सरसकट काढून टाकल्याने वाईट फुगे गेले हे खरे, पण अक्षर आणि चित्र मिळून गोष्ट सांगण्याची जी कॉमिकची स्वतःची रीत, ती तिच्या दारातच थांबवली गेली. हे नुकसान मला मोठे वाटते.

मुखपृष्ठाने खोटे बोलावे का? मॉर्ट वाइझिंगर यांच्या संपादनाखालच्या सुपरमॅनच्या अंकांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे ताणला. मुखपृष्ठावर सुपरमॅन जिमी ओल्सनला छळतो, लोईस लेनचा अपमान करतो, मित्रांना वाऱ्यावर सोडतो. अंक उघडावा तर ते स्वप्न निघते, किंवा रोबो निघतो, किंवा रेड क्रिप्टोनाइटचा परिणाम. मुखपृष्ठ म्हणून यांतली पुष्कळशी अचूक आहेत. प्रश्न जळजळीत आहे आणि क्षणही नेमका पकडलेला आहे. पण उत्तर जर प्रश्नाच्या तोलाचे नसेल तर वाचक फसवला जातो, आणि फसलेले पोर पुढच्या महिन्यात सावध होते. म्हणून मी मुखपृष्ठ आतल्या गोष्टीपासून तोडून पाहत नाही. दाखवलेला प्रसंग आत जसाच्या तसा असला पाहिजे असे नाही. त्याने जागवलेली भीती किंवा उत्सुकता मात्र आत खरी ठरली पाहिजे.

मुखपृष्ठ फसले की त्याची किंमत कधी साऱ्या धंद्याला मोजावी लागते. ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’च्या २२ व्या अंकावर जॉनी क्रेग यांनी एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात केसांनी धरलेले स्त्रीचे तुटलेले मस्तक असा माणूस काढला. २१ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे प्रकाशक विल्यम गेन्स साक्षीला बसले असताना सिनेटर एस्टीस केफॉव्हर यांनी तो अंक पुढे धरून विचारले: हे तुम्हाला सुरुचीचे वाटते का? गेन्स म्हणाले, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी होय. मस्तक आणखी वर धरले असते आणि मानेतून टपकणारे रक्त दिसले असते तर ते कुरुचीचे ठरले असते. गेन्स यांचे उत्तर कलाकाराच्या बाजूने तपासले तर त्यात तथ्य आहे. क्रेग यांनी चौकट नेमकी अशी धरली आहे की सर्वांत भयंकर भाग काठाबाहेर राहतो. पण या मुखपृष्ठात पुढे काय हा प्रश्नच उरलेला नाही. सगळे घडून गेले आहे, आणि ते पाहायला लावणे एवढाच हेतू आहे. धक्का आणि कुतूहल यांत मी फरक करतो. धक्का पाहणाऱ्याला जागीच सोडून देतो, कुतूहल त्याला पान उलटायला लावते. म्हणून हे चित्र कौशल्याने काढलेले असूनही मी त्याला अयशस्वी मानतो. त्याच वर्षाच्या अखेरीस कॉमिक्स कोड ही नियमावली आली. ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द शीर्षकात बंद झाले, ‘क्राइम’ हा शब्द इतर शब्दांपेक्षा मोठा काढायचा नाही असे ठरले, आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात मंजुरीचा शिक्का बसला. गेन्स यांची भयकथांची मासिके बंद पडली. तो शिक्का मार्व्हलने २००१ मध्ये सोडला, डीसीने २०११ मध्ये.

१९७० च्या दशकात खास कॉमिक्सची दुकाने वाढू लागली आणि मुखपृष्ठाखालची जमीनच बदलली. इथला गिऱ्हाईक मुद्दाम कॉमिकसाठी आलेला, वयाने मोठा. अंक पूर्ण दिसेल असा मांडलेला. शीर्षक वरच हवे ही सक्ती संपली. १९८६ मध्ये ‘वॉचमेन’ सुरू झाले तेव्हा डेव्ह गिबन्स यांनी शीर्षक डाव्या कडेला उभे लावले आणि पहिल्या मुखपृष्ठावर काय ठेवले? एका पिवळ्या हसऱ्या बिल्ल्याचा अगदी जवळून घेतलेला तुकडा, त्यावर रक्ताचा एक ओघळ. माणूस नाही, नायक नाही. बाराही अंकांत मुखपृष्ठ हेच कथेचे पहिले चित्र आहे. तुम्ही अंक हातात घेतला की वाचन सुरू झालेले असते. १९८९ पासून ‘सँडमॅन’च्या ७५ अंकांची मुखपृष्ठे डेव्ह मॅकीन यांनी केली. छायाचित्रे, लाकूड, कापड, जुन्या वस्तू यांची जुळणी करून केलेली ही मुखपृष्ठे आहेत, आणि मुख्य पात्र दरवेळी दिसलेच पाहिजे हा दंडक त्यांनी मोडला. ही मुखपृष्ठे घटना दाखवत नाहीत, तरी जमली आहेत. माझ्या कसोटीत न बसणारे हे एवढे मोठे उदाहरण मी टाळू शकत नाही. मला वाटते त्यांचे यश सातत्यात आहे: पहिल्या काही अंकांत वाचकाला कळले की हे चित्र म्हणजे एक खोली आहे आणि गोष्ट आत गेल्यावरच उलगडेल. त्या विश्वासावर पुढची मुखपृष्ठे उभी राहिली. पहिल्याच अंकापाशी थांबणाऱ्या मालिकेला हे परवडले नसते.

याच दुकानांनी मुखपृष्ठाचा घातही केला. ऑक्टोबर १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाला जिम ली यांची पाच वेगवेगळी मुखपृष्ठे होती, चार एकमेकांना जोडली की मोठे चित्र, आणि पाचव्यात ते घडी उलगडून. दुकानदारांनी मागवलेल्या प्रती ८० लाखांच्या वर गेल्या. लोक एकच गोष्ट पाच पाच वेळा विकत घेऊ लागले. मग चमकणारे कागद, उठावाची छपाई, होलोग्राम. मुखपृष्ठ वाचकाला आत नेण्याऐवजी पिशवीत बंद करून ठेवण्याची वस्तू झाली. काही वर्षांत बाजार कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. याच लाटेतले ‘सुपरमॅन’च्या ७५ व्या अंकाचे डॅन जर्गन्स यांचे मुखपृष्ठ मात्र मला खरे वाटते. ढिगाऱ्यात एक काठी आणि तिला अडकलेली फाटकी लाल केप. केपचा मालक नाही. लोकांनी साठवून ठेवली ती काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली आवृत्ती. चांगले चित्र होते ते बिनपिशवीच्या, साध्या आवृत्तीवर.

आणि स्त्रीपात्रांचे काय? २०१४ मध्ये ‘स्पायडरवुमन’च्या पहिल्या अंकाच्या पर्यायी मुखपृष्ठावर इटलीचे नामवंत चित्रकार मिलो मनारा यांनी नायिकेला इमारतीच्या कडेवर अशा रीतीने वाकवली की ती काय करते आहे यापेक्षा पाहणाऱ्याला काय दिसते याचीच काळजी घेतलेली होती. टीका झाली ती योग्यच होती. नैतिक आक्षेप बाजूला ठेवला तरी मुखपृष्ठ म्हणून ते पडते: नायिका कुठे निघाली आहे, कोणाच्या मागावर आहे, याचा एकही धागा चित्रात नाही. पात्राला हेतू दिला नाही की मुखपृष्ठात उरते ते फक्त शरीर, मग ते स्त्रीचे असो वा पिळदार पुरुषाचे.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटू नये. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही गोव्याचे, यांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी दोन पिढ्यांची नजर घडवली. त्यांच्या रंगवलेल्या स्त्रिया अंकातल्या कुठल्याच कथेच्या नसत. ते मुखपृष्ठ सणाचे लेणे होते आणि तसेच असायला हवे होते. पण मुळगावकरांनीच बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना मुखपृष्ठे दिली, आणि तिथे गोष्ट रंगांत उतरली. एकाच हाताने दोन वेगळे धर्म पाळले. आणि मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले तेव्हा एक नवीच अडचण समोर आली. ली फॉक यांचा फँटम, म्हणजे आपला वेताळ, हा वृत्तपत्रातल्या रोजच्या पट्टीतला नायक. पट्टीला मुखपृष्ठ नसते. ते इथेच घडवावे लागले. बी. गोविंद या चित्रकाराने सुरुवातीच्या वर्षांत ते काम केले. आत काळ्या रेषेची परदेशी चित्रे, आणि बाहेर कुंचल्याने रंगवलेले, छायाप्रकाशाने उठाव दिलेले जंगल. स्टेशनवरच्या स्टॉलवर दोरीला चिमट्याने टांगलेला अंक पूर्ण दिसे, तेव्हा कोपऱ्यातल्या चौकटीची गरज नव्हती. प्रसंग पानभर पसरता येई. मराठीत वेताळ वाचलेल्या कित्येकांना आतली चित्रे विसरली आहेत, पण मुखपृष्ठे आठवतात. अमेरिकी मुखपृष्ठांच्या पंक्तीत गोविंद यांची निवडक चित्रे निःसंकोच बसतील, असे माझे मत आहे.

‘अमर चित्र कथा’ची गोष्ट निराळी. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेतल्या बहुतेक कथांचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक. पुढे काय हा प्रश्न तिथे चालणारच नाही. तिथे मुखपृष्ठाला ओळख पटवावी लागते: हा तोच प्रसंग, आजीने सांगितलेला, पण असा कधी पाहिला नव्हता. ‘अमर चित्र कथे’साठी काम केलेले प्रताप मुळीक पुढे १९८६ मध्ये ‘नागराज’चे पहिले चित्रकार झाले, आणि पुराणातला वीर उभा करण्याची त्यांची हातोटी त्या आधुनिक नायकालाही लाभली. ती खूण नागराजच्या उभे राहण्यात दिसते.

आज पुष्कळ वाचक मुखपृष्ठ पाहतात ते फोनवर, अंगठ्याच्या नखाएवढे. गंमत अशी की या आकारात शुस्टरची हिरवी मोटार अजून ओळखू येते आणि पेडापेडाने रंगवलेले स्नायू विरघळून जातात.

हा संग्रह जुळवताना सर्वांत जास्त अडचण आली ती आपल्याच अंकांची. अमेरिकेत या चित्रांच्या मूळ प्रती आज जपल्या जातात, पण तिथेही जॅक कर्बी यांना स्वतःची मूळ चित्रे परत मिळवायला वर्षानुवर्षे झगडावे लागले, आणि १९८७ मध्ये हाती आली ती हजारोंपैकी साधारण दोन हजार पाने. आपल्याकडे तर ग्रंथालये मासिकांची वर्षाची बांधणी करताना मुखपृष्ठे काढून टाकतात, आणि घरोघरीही तेच झाले. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे किंवा जुन्या चित्रकथांचे अंक असतील तर ते रद्दीत देऊ नका. बांधून घेणार असाल तर बायंडरला बजावून सांगा की मुखपृष्ठे आतच ठेवायची. चित्राच्या कोपऱ्यात सही असेल तर भिंगाखाली धरून ते नाव लिहून ठेवा, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा कलाशाळेला कळवा.